अथेन्समधला फ्लॅट, क्युपर्टिनोतला कर

क्युपर्टिनोत वीस लाख डॉलर मोजूनही साधे, जुने घर मिळणे कठीण झाले आहे; घराची ओढ मात्र सुटत नाही. त्यामुळे आपल्यातील काही कुटुंबे सध्या ग्रीसकडे पाहत आहेत. ज्यांच्या आजोबांच्या नावे सातबाऱ्यावर एक गुंठाही नव्हता, त्यांना स्वतःच्या नावाचा दस्त कोणत्याही लिपीत प्रिय वाटणार. तो ग्रीक लिपीत असेल, तर आधी काही गोष्टी समजून घ्याव्यात.

२०१३ साली एमएससीआय या निर्देशांक ठरविणाऱ्या संस्थेने ग्रीसला विकसित बाजारांतून काढून उदयोन्मुख बाजारांच्या यादीत टाकले. कर्जसंकटाच्या त्या दशकात तेथील घरांच्या किमती सुमारे चाळीस टक्क्यांनी घसरल्या. २०१५ च्या उन्हाळ्यात तर नागरिकांना एटीएममधून दिवसाला केवळ ६० यूरो काढता येत होते. ‘युरोपात पैसा कसा बुडेल?’ असे विचारणाऱ्यांनी हा इतिहास वाचावा; तो फार जुना नाही.

आपल्याकडील आकर्षणाचे खरे कारण अर्थात ‘गोल्डन व्हिसा’ हे आहे. आरंभी अडीच लाख यूरोंच्या मालमत्तेवर पाच वर्षांचा, पुढे नूतनीकरण होणारा निवास परवाना मिळत असे. सप्टेंबर २०२४ पासून अथेन्सचा परिसर, थेसालोनिकी, सॅन्टोरिनी आदी ठिकाणी ही मर्यादा आठ लाख यूरो झाली आहे, अन्यत्र चार लाख. आणि घर किमान १२० चौरस मीटरचे हवे. अडीच लाखांची सवलत आता व्यावसायिक जागेचे निवासात रूपांतर किंवा संरक्षित वास्तूचे जतन एवढ्यापुरती उरली आहे. जाहिरातींत नेमका तोच आकडा ठळक असतो! शिवाय असे घर पर्यटकांना अल्पमुदतीने भाड्याने देता येत नाही. पोर्तुगालने घरखरेदीचा मार्ग २०२३ मध्ये बंद केला, स्पेनने २०२५ मध्ये योजनाच गुंडाळली.

एच-१बी व्हिसावरील माणसाची नोकरी गेली, की हातात जास्तीत जास्त साठ दिवस असतात. ग्रीनकार्डाच्या रांगेत मुले मोठी होतात. अशा वेळी दुसरे दार असावेसे वाटणे स्वाभाविकच. परंतु हा परवाना ग्रीसमध्ये राहू देतो, तेथे नोकरी करण्याचा हक्क देत नाही. नागरिकत्वासाठी सात वर्षे प्रत्यक्ष वास्तव्य आणि ग्रीक भाषेची परीक्षा आहे. संकटकाळचा आसरा म्हणून तो शोधताना ही बाजू घरात बोलली जात नाही, असे माझे निरीक्षण आहे.

आता चलनाकडे वळू. आपला पगार डॉलरमध्ये, घर यूरोमध्ये. २००८ च्या मध्यास एक यूरो जवळपास १.६० डॉलरला होता; सप्टेंबर २०२२ मध्ये तो एका डॉलरच्याही खाली गेला. समजा, अडीच लाख यूरोंचे घर पहिल्या भावाने चार लाख डॉलर देऊन घेतले आणि त्याच अडीच लाख यूरोंना, यूरो डॉलरच्या बरोबरीत असताना, विकले. घराची किंमत तसूभर हलली नाही, तरी दीड लाख डॉलर गेले. उलटही घडू शकते, हे खरे. पण मग ती गुंतवणूक घरात आहे की चलनात?

कराचे गणित याहून किचकट आहे. ग्रीसमध्ये भाड्याच्या पहिल्या बारा हजार यूरोंवर पंधरा टक्के कर लागतो. अमेरिकेत करदृष्ट्या रहिवासी असलेल्याला, मग तो एच-१बीवर का असेना, जगभरातील उत्पन्न दाखवावे लागते. संघीय करात ग्रीसमध्ये भरलेल्या कराचे क्रेडिट मिळते. कॅलिफोर्निया राज्य मात्र तेच भाडे करपात्र धरते आणि परदेशी कराचे क्रेडिट देत नाही. भाडे जमा करण्यासाठी तेथे खाते उघडले आणि परदेशातील सर्व खात्यांची एकत्रित शिल्लक वर्षात कधीही दहा हजार डॉलरांवर गेली, की एफबार भरणे बंधनकारक. यात आपली भारतातील खातीही मोजली जातात.

दस्तऐवजांबाबत महाराष्ट्रातील माणसाला फारसे नवल वाटणार नाही. ग्रीसमध्ये जमिनीची नोंद दीर्घकाळ भूखंडानुसार नव्हे, तर व्यक्तीच्या नावानुसार होत असे. राष्ट्रीय भूमापनाचे काम अनेक दशके रेंगाळले. अनधिकृत बाल्कन्या तेथेही आहेत, म्हणून विक्रीच्या वेळी अभियंत्याचा दाखला लागतो. विक्रेत्याच्या दलालाने सुचविलेला वकील घेऊ नये. आपला स्वतंत्र वकील नेमावा आणि त्याची फी खर्चात आधीच धरावी.

पुढील महिन्यात गावाकडच्या शेतजमिनीविषयी लिहीन: अनिवासी भारतीयाला ती विकत घेता येत नाही, वारशाने मात्र मिळते.