मोतीला थंड हवेला नेताय?

परीक्षा जवळ आल्या की आमच्या वर्गात अभ्यासापेक्षा सुट्टीच्या गप्पाच जास्त रंगतात. मामाचा गाव, लग्नं, आंबे हे तर दरवर्षीचंच. यंदा मात्र चौथीतल्या एका मुलानं वेगळाच प्रश्न विचारला. "बाई, आम्ही मे महिन्यात महाबळेश्वरला जाणार आहोत. आमचा मोती पण येऊ शकेल का?" सगळा वर्ग हसला. "त्याला स्वेटर घाल की रे!" असंही कुणीतरी मागून ओरडलं. मला मात्र प्रश्न फार आवडला. कुत्रा घरचा माणूस आहे असं आपण म्हणतो, पण बॅगा भरायची वेळ आली की त्या माणसाचा विचार शेवटी होतो. जाण्याच्या आदल्या रात्री!

आपल्याकडं देवसुद्धा कुत्र्याला विसरत नाहीत. दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात आणि खंडोबाच्या घोड्याबरोबर कुत्रा धावताना दिसतो. मग आपण का विसरावं? पण न्यायचं म्हणजे नुसतं गाडीत बसवायचं असं नाही हं. मोतीचा बेत माणसांच्या बेताच्याही आधी ठरवावा लागतो. कसा, ते पाहू.

आधी कॅलेंडर काढा. मे महिन्यात जायचं असेल, तर मोतीची तयारी मार्चमध्येच सुरू करायची. तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन त्याला रेबीजची, म्हणजे पिसाळण्याच्या रोगाची लस दिलेली आहे का ते पाहा. पिल्लू साधारण तीन महिन्यांचं झालं की ही लस देतात आणि पुढं डॉक्टर सांगतील त्याप्रमाणे, बहुधा दरवर्षी, ती परत द्यावी लागते. पहिल्यांदाच टोचली असेल, तर अंगात प्रतिकारशक्ती तयार व्हायला तीनेक आठवडे लागतात. म्हणून निघायच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही. माणसासाठी ही लस पहिल्यांदा १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी वापरली, जोसेफ मायस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलावर. तुमच्याच वयाचा म्हणा ना! तो मुलगा वाचला. लसीचं कार्ड प्रवासात जवळ ठेवा. लॉजवाले, रेल्वेवाले, कुणीही ते मागू शकतं.

आता प्रवास. धाराशिवहून बार्शी, टेंभुर्णी, अकलूज, फलटण, वाई असं करत महाबळेश्वर सुमारे ३०० किलोमीटर पडतं. आगगाडी महाबळेश्वरला जातच नाही. पण तुम्हाला दुसरीकडं कुठं रेल्वेनं जायचं असेल, तर नियम माहीत हवा. शयनयान डब्यात किंवा साध्या डब्यात कुत्रा चालत नाही. पहिल्या वर्गाचा अख्खा कूपे आपल्या नावावर असेल तरच तो आपल्याजवळ बसू शकतो. नाहीतर पार्सल ऑफिसात नोंद करून गार्डच्या डब्यातल्या कुत्र्याच्या पेटीत त्याला ठेवावं लागतं. आपल्या उन्हाळ्यात त्या पेटीत तासन् तास बसायचं! मला विचाराल, तर मी मोतीला घरीच ठेवीन.

म्हणजे राहिली मोटार. ज्या कुत्र्यानं कधी गाडी पाहिली नाही, त्याला एकदम ३०० किलोमीटर नेऊ नका. आधी चौकापर्यंत, मग एखाद्या रविवारी तुळजापूरच्या घाटापर्यंत नेऊन आणा. घाटात तो जिभल्या चाटायला लागला, लाळ गाळायला लागला की समजा, त्याला गाडी लागते. तुम्हाला लागते ना, तशीच. वाईच्या पुढं पसरणीचा घाट तर वळणावळणांचा आहे. निघण्याच्या तीन-चार तास आधी थोडं खायला द्यायचं, नंतर फक्त पाणी. उलटी थांबवायची गोळी द्यायची तर डॉक्टरांनी सांगितलेलीच. घरातल्या माणसांची गोळी अर्धी करून द्यायची नाही. खिडकीतून तोंड बाहेर काढून वारा खाणारा कुत्रा फार ऐटबाज दिसतो खरा, पण डोळ्यात खडा जातो आणि ब्रेक लागला की तो बाहेर फेकला जातो. मागच्या सीटवर पट्ट्यानं नीट बांधलेला बरा.

आणि आता जे सांगते, ते आईबाबांनाही मोठ्यानं वाचून दाखवा.

कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. घामाच्या ग्रंथी असतात त्या पंजाच्या गाद्यांत, आणि त्याही थोड्याच. अंगातली उष्णता बाहेर टाकायची, तर तो जीभ बाहेर काढून भराभर धापा टाकतो. तोंडातला ओलावा वाफ होऊन जातो आणि शरीर थंड होतं, जसं माठातलं पाणी गार होतं तसं. पण आजूबाजूची हवाच तापलेली आणि कोंडलेली असेल, तर ही युक्ती चालत नाही. उन्हात उभ्या केलेल्या बंद मोटारीत तासाभरात आतला पारा बाहेरच्यापेक्षा वीसेक अंशांनी वर जातो. काच दोन बोटं खाली ठेवली तरी फारसा फरक पडत नाही. बाहेर ३० अंश असले, तर आत ५०! महाबळेश्वर थंड आहे म्हणून तिथं हे होत नाही असं समजू नका. दुपारच्या उन्हात तिथलीही गाडी तापतेच. "पाच मिनिटांत पॉइंट बघून येतो" म्हणून मोतीला गाडीत कोंडून जायचं नाही. पॉइंटवरची पाच मिनिटं किती वेळ चालतात, ते फोटो काढणाऱ्या बाबांना विचारा.

धापा थांबतच नाहीत, लाळ चिकट झाली, हिरड्या लालभडक दिसतात, पाय लटपटतात, तर ऊन बाधलं असं ओळखावं. लगेच सावलीत न्या. पोटावर, पायांवर साधं गार पाणी ओता, वारा घाला, पाणी थोडं थोडं प्यायला द्या आणि जवळचा पशुवैद्य गाठा. पग, बॉक्सर अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना हा धोका जास्त असतो.

म्हणून पहाटे चारला निघा. ऊन चढायच्या आत जास्तीत जास्त रस्ता मागं पडला पाहिजे. वाटेत उतरवायचं असेल, तर आधी आपल्या हाताची मागची बाजू डांबरावर ठेवून पाच-सहा सेकंद मोजा. हाताला सोसवत नसेल, तर मोतीच्या पायालाही सोसवणार नाही.

उतरायचं कुठं, हे फोन करून ठरवा. "कुत्रा चालेल का?" एवढंच विचारलं की समोरून "चालेल, चालेल" असं उत्तर मिळतं. गल्ल्यावरच्या माणसाला खोली द्यायची असते! खरा प्रश्न पुढचा आहे. रात्री तो खोलीत आमच्याजवळ राहील, की बाहेर बांधावा लागेल? बाहेर, असं उत्तर आलं तर दुसरं ठिकाण शोधा. महाबळेश्वर-पाचगणीच्या आजूबाजूला दाट जंगल आहे, त्यात बिबटे आहेत, आणि बांधलेला कुत्रा ही बिबट्यासाठी आयती शिकार. वेगळे पैसे लागतात का, आवाराला कुंपण आहे का, हेही विचारून घ्या. काय ठरलं ते फोनवर संदेशात लिहून मागवा, म्हणजे दारात वाद नको.

ब्रिटिशांच्या काळात मुंबई इलाख्याचं सरकार उन्हाळ्यात महाबळेश्वरला मुक्काम हलवायचं. आपलं धाराशिव समुद्रसपाटीपासून साधारण ६५० मीटर उंच, आणि महाबळेश्वर त्याच्या जवळजवळ दुप्पट. आपल्याकडं पारा चाळिशीपार असतो, तेव्हा तिथं दुपारी तिशीच्या आसपास. मोतीला आवडेल यात शंका नाही. पण पॉइंटांवर माकडं आहेत, वेण्णा तलावावर आणि पाचगणीच्या टेबललँडवर घोडे आहेत. कुत्रा भुंकला आणि घोडा बुजला, तर वर बसलेलं पोर खाली पडेल. म्हणून दोरी आखूड धरा आणि घोड्यांपासून लांबून जा. सकाळी लवकर, गर्दी नसताना फिरायला जाणं सगळ्यात चांगलं. माथेरानला तर हा त्रास आणखी जास्त. तिथं मोटारींना दस्तुरीच्या पुढं बंदी आहे आणि गावभर घोड्यांची ये-जा असते. भुंकऱ्या कुत्र्यासाठी माथेरान नकोच.

क्षेत्र महाबळेश्वरच्या देवळात मोती आत येणार नाही, हेही धरून चाला. दोघांनी आत जायचं, दोघांनी बाहेर थांबायचं, मग अदलाबदल.

अभयारण्यात मात्र अदलाबदलही नाही. महाबळेश्वरच्या दक्षिणेला कोयना अभयारण्य आहे, तिकडं पाळीव कुत्रा न्यायचाच नाही. "आमचा मोती कुणाला काही करत नाही," असं वाटेल. प्रश्न चावण्याचा नाही, रोगाचा आहे. कुत्र्यांना डिस्टेंपर नावाचा विषाणूचा रोग होतो. १९९४ मध्ये आफ्रिकेतल्या सेरेनगेटीत हाच रोग सिंहांमध्ये पसरला आणि तिथले जवळजवळ एक तृतीयांश सिंह, म्हणजे हजाराच्या आसपास, मेले. आजूबाजूच्या गावांतल्या कुत्र्यांकडून तो आला असं शास्त्रज्ञांना दिसून आलं. आपल्या गीरमध्येही २०१८ साली वीसहून जास्त सिंह दगावले, तेव्हा त्यांच्यात हा विषाणू सापडला होता. डिस्टेंपरची लसही असते. ती मोतीला द्यायला विसरू नका, त्याच्यासाठीही आणि रानासाठीही.

बाजारपेठेत गेलात की चॉकलेट, फज, चिक्कीचे ढीग दिसतील. मोती शेपूट हलवत तोंडाकडं बघत राहील. मन घट्ट करा! चॉकलेटमध्ये थिओब्रोमाइन नावाचा पदार्थ असतो, तो कुत्र्याच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही आणि हृदयावर परिणाम करतो. चॉकलेट जितकं काळं, तितकं वाईट. द्राक्षं आणि बेदाणे यांनी त्याची मूत्रपिंडं बिघडू शकतात, कांदाही त्याला बाधतो. घरून भाकरी-दूध किंवा जे रोजचं असेल तेच न्या.

परक्या गावातली मोकाट कुत्री मोतीवर धावून आली, तर मध्ये हात घालू नका. कुत्रा किंवा माकड कुणालाही चावलं, अगदी ओरखडा उठला तरी, जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. हळद, चुना, मिरची काही भरायचं नाही. आणि घाबरून घरच्यांपासून लपवायचं तर मुळीच नाही. परतल्यावर मोतीच्या कानात, बोटांच्या बेचक्यात, शेपटीच्या मुळाशी गोचीड आहेत का ते तपासा.

एवढं सगळं वाचून कुणी म्हणेल, मग नकोच न्यायला. तेही चालेल! म्हातारा, आजारी, गाभण किंवा अनोळखी माणसांना बुजणारा कुत्रा घरीच सुखात राहतो. पण घरी राहतो म्हणजे दाराला साखळीनं बांधून आणि तीन दिवसांच्या भाकऱ्या पुढ्यात टाकून नाही. सुट्टीच्या दिवसांत अशी कुत्री मी पाहिली आहेत. पालथं पडलेलं भांडं आणि दुपारभर पायरीवर ऊन. काही घरांत तर "शेतात सोडून येऊ, करील काहीतरी" असंही ठरतं. पालकहो, हे बोलणं मुलं ऐकत असतात.

शेजारच्या काकूंकडं किंवा वस्तीवरच्या आजोबांकडं, जिथं मोती आधीपासून रुळला आहे, तिथं त्याला ठेवा. निघायच्या आधी दोन रात्री तिथं झोपवून पाहा. त्याचं रोजचं अंथरूण द्या, धुऊन नको, त्याला घरचा वास येऊ द्या. आणि एका कागदावर ठळक अक्षरात लिहून भिंतीला चिकटवा: तो काय खातो, किती वाजता, कशाला घाबरतो, पशुवैद्याचा फोन नंबर, बाबांचा फोन नंबर. हा कागद तुम्हीच लिहा. अक्षर सुवाच्य काढा बरं का, काकूंना चष्मा लागतो.