लायसन्स पक्कं कधी करणार?

शिकाऊ परवान्याची मुदत सहा महिने. तीस दिवस उलटले की पक्क्या लायसन्सची परीक्षा देता येते. तरी मुदत संपली की पुन्हा ‘लर्निंग’च काढणारी मंडळी आपल्याकडे कमी नाहीत, ‘लर्निंग’ची चाचणी घरबसल्या देता येऊ लागल्यापासून तर ते फारच सोपं झालंय. भाजी, बँक, क्लास, सगळीकडे स्कूटर जाते. आरटीओच्या मैदानाकडे तेवढी वळत नाही.

खरी धास्ती परीक्षेतल्या त्या इंग्रजी आठच्या आकड्याची. पाय टेकला की संपलं! पण जमेल हो. मोकळ्या मैदानात दोन विटा ठेवा, भोवती अगदी सावकाश फिरा, नजर चाकावर नको, पुढच्या वळणावर. मागचा ब्रेक हलकासा दाबून ठेवला की तोल राहतो.

शिकाऊ चालकाच्या दुचाकीवर मागे बसायची मुभा परवानाधारक शिकवणाऱ्यालाच. म्हणजे मुलाला शाळेत सोडणंही बेकायदाच. मुदत संपलेली असेल तर दंड पाच हजार, आणि अपघात झालाच तर विम्याच्या दाव्याला फाटे फुटतात ते वेगळेच.

‘सारथी’ पोर्टलवर तारीख घ्या. जाताना गाडीचा विमा आणि पीयूसी चालू आहे ना, तेवढं बघा.