आक्का येशूकडे गेली तेव्हा आपण कुठं होतो?

मागल्या रविवारी विहारात मीटिंग झाली. मी सूतगिरणीतली तिसरी पाळी करून, अंगावरचा कापूस न झटकता तसाच गेलो. विषय एकच : माझी थोरली बहीण दर रविवारी येशूच्या प्रार्थनेला जाते, तिचं काय करायचं? एकजण म्हणाला, धर्मद्रोह. दुसरा म्हणाला, मिशनरी पैसा. तिसऱ्यानं सरळ सुचवलं, ऐकत नसेल तर वस्तीनं तिच्याशी बोलणं बंद करावं.

वा रे भीमाचे वाघ! १९२७ साली ज्या बापानं आपल्या पाक्षिकाचं नाव 'बहिष्कृत भारत' ठेवलं, त्याच्याच फोटोखाली बसून तुम्ही बहिष्काराचा ठराव लिहिता! महाराष्ट्रात सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ चा कायदा आहे, निदान त्याला तरी भ्या.

आता मी बोलतो. संपादक म्हणाला, घरातलं चव्हाट्यावर कशाला? मी म्हणालो, काप स्टेन्सिल.

दाजी तुमच्या ओळखीचा आहे. १४ एप्रिलला गाडीपुढे निळा फेटा बांधून नाचतो तो. घोषणा देताना त्याच्या गळ्याच्या शिरा फुगतात. अकरा वर्षं त्याच गळ्यानं आक्काला शिव्या दिल्या आणि कमरेचा पट्टा तिच्या पाठीवर चालवला. आपल्या भिंती पत्र्याच्या. सगळ्या वस्तीनं ऐकलं. 'नवराबायकोचं भांडण' म्हणून रेडिओचा आवाज वाढवला. मी पण ऐकलं. खोटं कशाला सांगू, एका रात्री मी मनूवर कविता लिहीत होतो आणि शेजारच्या खोलीत मनू माझ्या बहिणीला मारत होता. कविता चांगली झाली. टाळ्या मिळाल्या.

चौकीवर ती एकदा गेली. अदखलपात्र नोंद करून घरी पाठवली. दाजीनं त्या रात्री दुप्पट मारलं.

मग शेजारची विडी वळणारी बाई तिला हाताला धरून प्रार्थनेला घेऊन गेली. दहा बाय बाराची खोली, एक सतरंजी, पंधरा-वीस बाया. काय झालं तिथं? आक्का सांगते, "आरं, काय बी झालं न्हाई. मी रडले. कुणी गप बस म्हनलं न्हाई. एका म्हातारीनं चोळी वर करून पाठीला त्याल लावलं. म्हनली, ह्यो मार तुज्या पापाचा न्हवं, त्येच्या पापाचा हाय. त्या दिशी मी झोपले."

त्याच्या पापाचा. अकरा वर्षांत हे वाक्य तिला आपल्यापैकी एकानंही सांगितलं नाही.

मी देव मानत नाही. बावीस प्रतिज्ञा मला पाठ आहेत. पण तिला झोप लागली, हे मी डोळ्यांनी पाहिलं. ती पुन्हा हसायला लागली. पोरं दचकून उठायची थांबली. चमत्कार म्हणा नाहीतर वीस बायांची दर रविवारची विचारपूस म्हणा, मला भांडायचं नाही.

म्हणून चर्चची आरती ओवाळतो असं समजू नका. तिथला पास्टर तिला म्हणाला, क्षमा कर आणि नांदायला जा. आक्का म्हणाली, "क्षमा क्येली. पर त्या घरात पाय ठिवनार न्हाई." पास्टर गप्प. १८६९ च्या घटस्फोट कायद्यात ख्रिस्ती बाईला नुसत्या मारझोडीवर सुटका नव्हती, नवऱ्याचा व्यभिचारही सिद्ध करावा लागे. नवऱ्याला मात्र बायकोचा व्यभिचार तेवढा पुरे. हे बदलायला २००१ साल उजाडलं. पाद्र्यांच्या घरातही मनू जेवून जातो.

आणि पैशाचं म्हणाल, तर हिशेब उलटा आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानं ख्रिस्ती झालेला दलित अनुसूचित जातीत बसत नाही. शीख १९५६ साली बसले, आपण बौद्ध १९९० साली. ख्रिस्ती बाहेरच. २०२४ च्या नोव्हेंबरात सुप्रीम कोर्टानं एका बाईचा दाखल्याचा दावा ह्याच कारणानं फेटाळला. आक्काला हे ठाऊक आहे. पोरांचे दाखले जातील म्हणून ती बाप्तिस्म्याला थांबलीय, आणि त्याचा सल तिच्या मनात आहे. ह्या बाईला तुम्ही विकली गेलेली म्हणता!

पंडिता रमाबाई १८८३ साली ख्रिस्ती झाल्या तेव्हा सगळं पुणं खवळलं. जोतीरावांनी १८८५ च्या 'सत्सार'मध्ये त्यांची बाजू घेतली. आपला बाप कोण ते ठरवा.

बाबासाहेबांनी २० जुलै १९४२ ला नागपुरात बायांना सांगितलं, नवऱ्याची मैत्रीण व्हा, दासी होऊ नका. हिंदू कोड बिल अडवलं म्हणून १९५१ साली मंत्रिपदावर लाथ मारली. आणि आपण? २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात बाईला राहत्या घरात राहायचा हक्क आहे, तालुक्याला संरक्षण अधिकारी असतो. सतराव्या कलमावर तासतास बोलणाऱ्या दोस्तांनो, त्या अधिकाऱ्याचं दार कुणी पाहिलंय? मी परवा पाहिलं. अर्ज भरला. आक्काचा अंगठा नाही, सही आहे.

येत्या २५ डिसेंबरला विहारात मनुस्मृती दहन दिन आहे. त्याच दिवशी नाताळ. आक्का सकाळी प्रार्थनेला जाणार आणि संध्याकाळी विहारात येणार. पाच मिनिटं बोलायला मागतेय. तुमच्या वक्त्यांच्या यादीत दाजीचं नाव पहिलं होतं. ते मी खोडलंय. ज्याला परत लिहायचं असेल त्यानं माझ्यासमोर लिहावं.