धन्यास न विचारतां

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या दारीं ट्रॅक्टर आहे, आणि मोबाइल तर सर्वांच्याच खिशांत आहे. नव्या बनावटीच्या या वस्तू धन्यास न विचारतां इंटरनेटवरून आपल्या कर्त्यास खबर पोंचवीत असतात, ही गोष्ट मात्र फार थोड्यांच्या ध्यानांत येते.

मोठ्या ट्रॅक्टरांत व हार्वेस्टरांत हल्लीं एक मोडेम बसविलेलें असतें. यंत्र कोठें उभें आहे, किती तास चाललें, डिझेल किती जळलें, शेताच्या कोणत्या भागांत किती उतारा पडला, हें त्यांतील सॉफ्टवेअर दूरच्या संगणकांत नोंदवितें. यांत सोय नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. बिघाड आधीं कळतो, चोरीस गेलेलें यंत्र सांपडतें. २०२२ सालीं युक्रेनमधील मेलिटोपोल येथें रशियन सैनिकांनीं जॉन डीअरच्या विक्रेत्याकडील यंत्रें लुटून चेचन्यापर्यंत नेलीं. तेथें तीं दुरूनच बंद केलेलीं आढळलीं, असें वृत्त आलें. चोरांची फजिती झाली म्हणून अनेकांस गंमत वाटली. परंतु चोराच्या हातीं जें यंत्र दुरून थांबतें, तें हप्ता थकलेल्या धन्याच्या हातींही तसेंच थांबेल, हा विचार शेतकऱ्यानें करावयास नको काय?

आपला उतारा किती, हें माल बाजारांत नेण्यापूर्वीं कोणीही शहाणा शेतकरी व्यापाऱ्यास सांगत नाहीं. मग तेंच यंत्रानें परस्पर कां सांगावें? शेतांतील माहितीचा मालक शेतकरी, हें तत्त्व अमेरिकेंतील शेतकरी संघांनीं व यंत्रकारांनीं २०१४ सालीं मिळून मान्य केलें. पण तें केवळ वचन, कायदा नव्हे. आपल्याकडे व्यक्तिगत डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा २०२३ सालीं संमत झाला. संमति स्पष्ट असावी, ती देणें जितकें सोपें तितकेंच काढून घेणें सोपें असावें, सूचना मराठींतही मिळावी, अशीं चांगलीं कलमें त्यांत आहेत. मात्र ज्या आंकड्यांवरून धनी ओळखूं येत नाहीं, अशा आंकड्यांस त्याचें छत्र पोंचत नाहीं.

म्हणून सौद्याच्या वेळींच विचारावें: ही जोडणी बंद करतां येते काय, आणि बंद केल्यास यंत्र पूर्ववत् चालतें काय? उत्तर लेखी घ्यावें. जेथें अनेकजण मिळून यंत्र घेतात, तेथें ही अट करारांतच घालावी; एकट्यादुकट्यास विक्रेता जुमानीत नाहीं. मोबाइलमधील अ‍ॅपांची गोष्ट निराळी नाहीं. पावसाचा अंदाज सांगण्यास आपल्या सोयऱ्याधायऱ्यांचे नंबर कशाला हवेत? सेटिंग्जमध्यें जाऊन ती परवानगी आजच काढून घ्यावी.