रुमालाखालचा आकडा

साथीच्या दिवसांत लोकांनी सरकारचे ऐकले नाही, कारण लोक अडाणी, भित्रे आणि अफवांचे भुकेले, हे मत आमच्या अधिकारीवर्गात फार जुने आहे. १८९६ साली ते गोऱ्या अंमलदारांच्या तोंडी होते. २०२० साली ते आपल्याच माणसांच्या तोंडी ऐकू आले. या मतात सोय मोठी आहे. दोष एकदा लोकस्वभावावर लोटला की सरकारी वर्तनाची चौकशी करण्याचे प्रयोजनच उरत नाही. परंतु अविश्वास हाही एक रोगच मानला, तर त्यास काही कारण असले पाहिजे. आणि ते शोधण्यास वाशीच्या बाजार समितीच्या आवारासारखे दुसरे ठिकाण आम्हांस दिसत नाही. सरकार, व्यापारी, माथाडी, शेतकरी आणि रोग हे सर्व २०२० च्या उन्हाळ्यात त्या एका आवारात समोरासमोर आले होते.

२४ मार्च २०२० च्या रात्री आठ वाजता पंतप्रधानांनी टाळेबंदी जाहीर केली आणि मध्यरात्रीपासून देशास घरात बसण्यास सांगण्यात आले. वाशीच्या बाजारास ती मोकळीक नव्हती. कांदा-बटाटा, भाजीपाला, फळे, मसाला आणि धान्य या पाच बाजारांवर मुंबई आणि भोवतालच्या शहरांच्या चुली अवलंबून आहेत. तो चालू ठेवला याबद्दल आम्ही सरकारास मुळीच दोष देत नाही. दोष आहे तो पुढे. इतरांस घरी राहा म्हणून बजावणाऱ्या सरकारने माथाड्यास मात्र कामावर ये म्हणून सांगितले, तो आलाही, पण येण्यासाठी लोकल गाडी बंद होती. १५ जून २०२० पासून अत्यावश्यक सेवेतील कर्मचाऱ्यांसाठी ती सुरू झाली, तेव्हा आपणासही तीत जागा मिळावी म्हणून माथाडी संघटनांस मागण्या करीत फिरावे लागले. साथीच्या कामावरील सरकारी नोकरांस ५० लाख रुपयांचे संरक्षण जाहीर झाले. तसेच आम्हांसही द्या, ही पोते वाहणाऱ्याची मागणी होती. पोते उचलण्यापुरता अत्यावश्यक आणि गाडीत बसण्यापुरता अनावश्यक, असा हा न्याय ज्याच्या वाट्यास आला, त्याने सरकारच्या पुढच्या शब्दावर किती भिस्त ठेवावी?

रोग बाजारात शिरणार हे उघड होते आणि तो शिरला. नवी मुंबईतील रुग्णांपैकी मोठ्या संख्येचा संबंध बाजाराशी लागू लागला, तेव्हा ११ मे ते १७ मे २०२० असे सात दिवस पाचही बाजार बंद ठेवण्याचे ठरले. सफाई व तपासणी करून १८ मेपासून ते पुन्हा उघडावयाचे होते. हे सात दिवस कोणते होते, हे मंत्रालयातल्यापेक्षा देवगड-रत्नागिरीच्या बागायतदारास अधिक ठाऊक. हापूसचा तो भर हंगाम. झाडावरचा आंबा टाळेबंदी ओळखत नाही. पावसाळ्याची बेगमी करण्याचे, मिरची-हळद-धणे भरण्याचेही तेच दिवस. एवढे नुकसान लोकांनी सोसले, आणि जीव वाचत असतील तर ते सोसलेच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. परंतु सोसणाऱ्यास एक गोष्ट विचारण्याचा अधिकार आहे: कोणत्या मापाने बंद केले आणि कोणत्या मापाने उघडता? त्या काळचे आदेश पाहावे. काय बंद, कोठपर्यंत बंद आणि मोडल्यास शिक्षा काय, हे त्यांत ठळक असे. किती रुग्ण झाले म्हणजे बाजार बंद आणि किती उतरले म्हणजे चालू, याचा खुलासा त्यांत सहसा नसे. माप ठाऊक नसलेल्या तराजूवर माल घालावयास वाशीतला कोणता अडत्या तयार होईल?

आणि विचारावयाचे तरी कोणाला? नवी मुंबई महापालिकेच्या निवडलेल्या सभासदांची मुदत त्याच मे महिन्यात संपली. साथीमुळे निवडणूक पुढे गेली व कारभार प्रशासकाच्या हाती आला, तो पाच वर्षांहून अधिक काळ त्याच्याच हाती राहिला. प्रशासक कर्तबगार असू शकतो. पण त्यास भर सभेत उभे करून उत्तर घेणारा नगरसेवक नसतो. रोगाच्या ऐन भरात शहराची सभाच नाहीशी झाली, याची चर्चा व्हावी तितकी झाली नाही.

आता आकड्यांकडे वळू. १६ जून २०२० रोजी महाराष्ट्र सरकारने हिशेब जुळविताना पूर्वीचे १,३२८ मृत्यू एकदम यादीत चढविले. त्यांपैकी ८६२ एकट्या मुंबईचे होते. चूक दुरुस्त केली हे योग्यच झाले, आणि कित्येक राज्यांनी तेवढेही केले नाही. तथापि ज्या यादीवरून बाजार उघडावयाचे, गाड्या सोडावयाच्या, दुकानाच्या वेळा ठरवावयाच्या, तीत शेकडो मृत्यू दिवसेंदिवस बाहेर उभे होते, हे एका रात्रीत सर्वांस कळले. पुढे नोव्हेंबर २०२० मध्ये नवी मुंबईतच आरोप झाला की ज्यांची चाचणी झालीच नाही अशांचीही नावे, चाचणी होऊन रोग न आढळल्याच्या यादीत आली आहेत. पालिकेने चौकशी नेमली. आरोपात तथ्य किती, याचा निवाडा येथे करण्याचा आमचा विचार नाही. परंतु ज्या बाजारात चाचणीच्या कागदावर प्रवेश ठरत होता, तेथे त्या कागदाची पत या बातमीने किती राहिली असेल, याचा अंदाज व्यापारी वाचकाने स्वतःच करावा.

देशाचा हिशेबही असाच. २०२१ साली भारतात सुमारे १ कोटी २ लाख मृत्यूंची नोंद झाली; त्याआधीच्या वर्षी ती सुमारे ८१ लाख होती. नोंदणी सुधारली म्हणून काही वाढ झाली असेल, आणि वाढलेले सर्वच मृत्यू कोरोनाचे असेही कोणी शहाणा म्हणणार नाही. पण हा आकडा लोकांपुढे यावयास मे २०२५ उजाडावा लागला! मधल्या काळात जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांतील जादा मृत्यूंचा ४७ लाखांचा अंदाज दिला, तेव्हा आमच्या सरकारने तिची गणितपद्धती चुकीची ठरविली. ती चुकीची असेलही. मात्र दुसऱ्याचे गणित खोडणाऱ्याने आपली वही उघडी ठेवावी, ही साधी रीत आहे.

वाशीच्या व्यापाऱ्यास ही रीत समजावून सांगण्याची गरज नाही. एके काळी आमच्या घाऊक बाजारांत भाव रुमालाखाली ठरत असे. अडत्या आणि खरीददार बोटांनी बोटे दाबून सौदा करीत, आणि ज्याचा माल तो शेतकरी बाजूस उभा राहून रुमालाकडे पाहत असे. या हत्ता पद्धतीने शेतकरी नाडला जातो म्हणून उघड लिलावाचा नियम सरकारने घातला, आणि तो घालण्यात सरकार बरोबर होते. तोडीचा प्रश्न एवढाच की आंब्याच्या पेटीचा भाव रुमालाखाली ठरविणे हा अन्याय असेल, तर माणसाच्या मृत्यूचा आकडा रुमालाखाली ठेवणे यास काय म्हणावे?

हा प्रकार नवा नाही, आणि विलक्षण गोष्ट अशी की त्याची सुरुवात याच धंद्याच्या जुन्या वस्तीत झाली. वाशीच्या दाणाबाजार व मसालाबाजारात आज जो व्यापार चालतो, तो १९९१ च्या सुमारास मुंबईच्या मशीद बंदर-मांडवी भागातून खाडीपलीकडे आला. त्याच मांडवीत सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय वैद्याने गाठीचा प्लेग ओळखला. धान्याच्या वखारी, त्यांत उंदीर आणि माथ्यावर दाटीने राहणारी माणसे, अशी ती जागा. सरकारी खात्याने रोगाचे नाव स्पष्ट घेण्यास प्रथम काचकूच केली. बंदराच्या व्यापारास धक्का बसेल ही भीती होती. मग एकदम भय वाटले आणि कडक हुकूम सुटले: रोग्यास सक्तीने इस्पितळात न्यावे, घर रिकामे करावे, गटारांत औषधे ओतावी. (उंदरावरील पिसवेचा संबंध पॉल-लुई सिमाँ याने दाखविला तो १८९८ साली, तोवर मुंबई गटारे धूत बसली होती. २०२० साली रस्त्यांवर आणि माणसांवरही औषधाचे फवारे उडविले गेले, तेव्हा आम्हांस त्या गटारांची आठवण झाली.) इस्पितळात माणसे मारून त्यांची मोमियाई काढतात, अशी आवई उठली आणि ऑक्टोबर १८९६ च्या अखेरीस गिरणी कामगारांचा जमाव आर्थर रोड इस्पितळावर चालून गेला. आवई खोटीच होती. पण आत नेलेल्या माणसाचे काय झाले, हे बाहेरच्यास सांगावयास कोणी नसले, म्हणजे ती जागा मोमियाईच भरून काढते.

पुण्याची हकिकत सर्वश्रुत आहे. रँडसाहेबाच्या अमलाखाली गोऱ्या सोल्जरांनी घरे तपासली आणि २२ जून १८९७ रोजी त्याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखले यांच्यासारख्या तोलून बोलणाऱ्या पुरुषाने विलायतेत सोल्जरांवर अत्याचाराचे आरोप केले. पुरावा पुढे आणता आला नाही, म्हणून त्यांस जाहीर माफी मागावी लागली. तक्रारदारास निर्भयपणे जाता येईल अशी चौकशीची जागाच नसली, म्हणजे अशा पुरुषासही ऐकीव गोष्टीवर विसंबावे लागते. मग सामान्य जनाची काय कथा?

त्या गडबडीत ४ फेब्रुवारी १८९७ रोजी झालेला साथरोगाचा कायदाच १३ मार्च २०२० रोजी महाराष्ट्रात लागू करण्यात आला. मूळ कायदा अवघ्या चार कलमांचा. पहिल्यात नाव, दुसऱ्यात सरकारास वाटतील ते नियम करण्याची सत्ता, तिसऱ्यात मोडणाऱ्यास शिक्षा, चौथ्यात सद्‌बुद्धीने वागलेल्या अंमलदारास दाव्यापासून अभय. लोकांस माहिती देण्याचे बंधन त्यात शोधूनही सापडत नाही. २०२० साली तो दुरुस्त झाला तो आरोग्यसेवकांवरील हल्ल्यांस शिक्षा वाढविण्यासाठी. ती दुरुस्ती अवश्य होती. पण सरकारचे कर्तव्य याही वेळी लिहिले गेले नाही.

येथवर वाचून आमचे व्यापारी बंधू मान डोलवतील. त्यांनी थोडे थांबावे. टाळेबंदीच्या पहिल्या आठवड्यांत डाळ, कांदा आणि मुखपट्टी यांचे भाव कोणी चढविले? अंगात ताप असता धंदा बुडेल या भीतीने गाळ्यावर येऊन कोण बसले? इस्पितळातून घरी परतणाऱ्या परिचारिकेस इमारतीत येऊ न देणारे लोक सरकारी नव्हते. लस आली तेव्हा तिच्याविषयी वाटेल त्या गप्पा फोनवरून पुढे ढकलणारे तर चांगले शिकलेसवरलेले होते. हाफकिनने जानेवारी १८९७ मध्ये आपली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली, ती पुरावा म्हणून. आणि त्या पुराव्याकडेही पुष्कळांनी पाठ फिरविली होती. सरकारवर संशय घेणे हा नागरिकाचा हक्क आहे. पण संशय घेणाऱ्याने पुरावा मागावा, आणि तो आला असता डोळे उघडून पाहावा. मिळालेला पुरावा झुगारून आपली समजूत कवटाळणे, यास आम्ही संशय म्हणत नाही, हट्ट म्हणतो.

विश्वास मिळतच नाही असेही नाही. धारावीत १ एप्रिल २०२० रोजी पहिला रुग्ण सापडला, तेव्हा त्या दाट वस्तीचे काय होईल या विचाराने सर्वांचा थरकाप झाला होता. पालिकेने तेथल्याच खासगी डॉक्टरांस बरोबर घेऊन घरोघर तपासणी केली, आणि जुलैत जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रमुखांनी त्या कामाचे नाव घेतले. दारात आलेला डॉक्टर ओळखीचा होता, एवढ्याने अर्धे काम झाले. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता १० मार्च १८९७ रोजी गेल्या. त्यांच्या हाती रोगी देताना कोणास सोल्जर लागला नाही.

विधी आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपल्या २८६ व्या अहवालात १८९७ चा कायदा अपुरा ठरविला आहे. नवा कायदा होईल तेव्हा त्यात तीन गोष्टी लिहून घ्याव्या, अशी आमची मागणी आहे. बाजार, शाळा वा कारखाना बंद करणाऱ्या प्रत्येक आदेशात बंद करण्याचे आणि उघडण्याचे माप अंकांत असावे, आणि तो आदेश मराठीत व हिंदीत त्या जागेच्या दारावर लागावा. तपासलेले, आजारी पडलेले व मृत यांचा आकडा ठरलेल्या वारी प्रसिद्ध व्हावा, आणि मागाहून बदलला तर का बदलला हे शेजारी छापावे. साथीच्या कामाविषयी नेमलेल्या चौकशीचा अहवाल ठराविक मुदतीत लोकांपुढे ठेवावा.

तोवर वाशीकरांस स्वतः करता येण्याजोगे एक काम आहे. १९६९ च्या कायद्याने स्थापन झालेल्या माथाडी मंडळांकडे नोंदलेल्या कामगाराची मजुरी जमा होते. कोण कोणत्या टोळीत आणि कोणत्या महिन्यात कामावर होता, हे त्या कागदांवरून काढता येते. मार्च २०२० पासून पुढच्या दोन वर्षांत त्या नोंदींतून किती नावे कायमची गळाली आणि त्यांपैकी किती घरांस काय मिळाले, याची यादी मंडळे, संघटना व बाजार समिती यांनी एकत्र बसून काढावी आणि पाचही बाजारांच्या फाटकांवर लावावी. त्यासाठी दिल्लीच्या कायद्याची वाट पाहावी लागत नाही.