विश्लेषण : औंढ्याला येणारा पर्यटक हिंगोलीत थांबत का नाही?

श्रावण आणि महाशिवरात्रीला औंढा नागनाथची दर्शनरांग लांबते. दर्शन होते, प्रसाद घेतला जातो आणि गाडी परत नांदेड किंवा परभणीच्या वाटेला लागते. १ मे १९९९ रोजी परभणीतून वेगळ्या झालेल्या हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला त्यातून फारसे काही येत नाही.

रांगेत काय निसटते?

मंदिराच्या बाहेरच्या भिंती. खालचा भाग यादवकाळातील काळ्या दगडाचा, शिल्पांनी भरलेला. वरचे बांधकाम नंतरचे, हे साध्या डोळ्यांनाही कळते. मंदिर पाडले आणि पुन्हा उभारले गेले, याचा हा पुरावाच. मात्र भाविक अरुंद पायऱ्या उतरून भुयारासारख्या गाभाऱ्यात जातो आणि बाहेर पडतो. भिंतींकडे बघायला त्याला कुणी सांगत नाही. द्वारकेजवळचे नागेश्वर आणि उत्तराखंडातील जागेश्वर यांचाही ज्योतिर्लिंगाचा दावा आहे. त्या वादात आपल्याकडे बरीच शाई खर्च होते, शिल्पांवर मात्र थोडी.

नरसीशी संबंध काय?

कयाधूकाठचे नरसी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. परंपरेनुसार त्यांना गुरू विसोबा खेचर भेटले ते औंढ्यातच. कीर्तनासाठी मंदिर फिरले आणि नंदी मागे राहिला, ही कथाही इथलीच. म्हणजे दोन्ही गावे एकाच गोष्टीची दोन टोके. प्रवासी मात्र एकच टोक पाहून जातो.

पंजाबचा पर्यटक कुठून आला?

गुरु ग्रंथसाहिबात नामदेवांची ६१ पदे आहेत. गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान त्यांचे कर्मस्थान मानतात. २०१५चे ८८वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन तिथे झाले, ते याच नात्यामुळे. पंजाबातून हजारो शीख भाविक नांदेडच्या सचखंड गुरुद्वाऱ्यात येतात. तिथून नरसी एका दिवसात जाऊन येण्यासारखे आहे. विमानतळ, मोठे रेल्वे स्थानक, निवास सगळे नांदेडलाच असल्याने मुक्कामाची अपेक्षा लगेच ठेवण्यात अर्थ नाही. पण नांदेड-औंढा-नरसी अशी दिवसभराची बस, मराठी-हिंदी-पंजाबी फलक आणि मंदिराच्या भिंती समजावून सांगणारे प्रशिक्षित स्थानिक तरुण, एवढ्यासाठी कोट्यवधींचा आराखडा लागत नाही. वाटेत वसमतची हळद विकणाऱ्यालाही गिऱ्हाईक मिळेल. शिरड शहापूरचे जैन मंदिरही याच टापूत आहे. त्याचा फलक औंढ्याच्या वाहनतळावर लावायला काय हरकत आहे?