ठोकले मागच्याने, भुर्दंड पुढच्याला

बडनेरा मागे टाकून मूर्तिजापूरच्या दिशेला लागले की गाडीचा काटा कधी ऐंशीवर जातो ते कळत नाही. रस्ताच तसा आहे. जून २०२२ मध्ये याच अमरावती-अकोला महामार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, १०५ तास ३३ मिनिटांत एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर टाकला गेला आणि त्याची गिनेस बुकात नोंद झाली. रस्ता गुळगुळीत झाला, पण त्यावर वळणारी कापसाची गाडी, मध्येच आडवी येणारी म्हैस आणि गावाजवळचा गतिरोधक जिथल्या तिथे राहिले. पुढचा ब्रेक मारतो, मागचा त्याच्या डिक्कीवर जाऊन आदळतो. कोणाला लागलेले नसते. बंपर फुटलेला, टेललाइटचे तुकडे डांबरावर. पाच मिनिटांत वीस माणसे जमतात. "एकदम ब्रेक काहून मारला?" "तुमाले मांगून दिसत नाही का?" अशी थोडी वादावादी होते आणि मग गर्दीतला एखादा वडीलधारा म्हणतो, "जाऊ द्या ना भाऊ, दोन हजार द्या अन् मिटवा."

आणि मिटतेही. या मांडवलीला नाक मुरडण्याआधी ती का होते ते पाहायला हवे, कारण तिच्यामागे बऱ्यापैकी पक्का हिशेब आहे.

चूक कोणाची, यावर कायदा बहुतेक वेळा मागच्याकडे बोट दाखवतो. निशान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये सांगितले की, रस्ता आणि हवामान चांगले असतानाही दोन गाड्यांत किमान दोन ते तीन सेकंदांचे अंतर हवे. ऐंशीच्या वेगाला गाडी एका सेकंदात बावीस मीटर जाते; म्हणजे किमान ४४ मीटर. त्या खटल्यातली कार ट्रकच्या मागे दहा-पंधरा फुटांवर होती. आपल्याकडे महामार्गावर किती जण ४४ मीटर सोडून चालवतात हे प्रत्येकाने स्वतःलाच विचारावे. मात्र पुढचा नेहमीच सुटतो असेही नाही. कोइंबतूरमधल्या २०१७ च्या अपघाताचा निकाल २०२५ मध्ये लागला. महामार्गावर इशारा न देता अचानक ब्रेक मारणाऱ्या कारचालकावर न्यायालयाने निम्मी जबाबदारी टाकली. मागून धडकलेल्या दुचाकीस्वारावर २० टक्के आणि त्याच्या पायावरून गेलेल्या बसवर ३० टक्के. त्या तरुणाला पाय गमवावा लागला होता. ब्रेकलाइटचा बंद पडलेला बल्ब म्हणूनच किरकोळ बाब नव्हे.

धडकेनंतरची पहिली दहा मिनिटे आपण भांडणात घालवतो, खरे तर ती फोटोंची असतात. दोन्ही गाड्या जागेवर असतानाच नंबर प्लेट, रस्त्यावरची खूण, आजूबाजूची दुकाने दिसतील असे चार फोटो घ्यावेत, मग गाड्या कडेला घ्याव्यात. समोरच्याचे लायसन्स, आरसी आणि विम्याचा कागद यांचाही फोटो घ्यावा. मागच्या गाडीने निघण्याआधी बॉनेटखाली पाणी गळते का ते पाहायलाच हवे. फुटलेल्या रेडिएटरवर अकोल्याच्या मे महिन्यात दहा किलोमीटर गेले की बंपरच्या खर्चाचा इंजिनाचा खर्च होतो. गाडी चालण्याजोगी नसेल तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ ला फोन करता येतो.

लोकांना सहसा माहीत नसलेली गोष्ट अशी की, कोणी जखमी नसले तरी दुसऱ्याच्या मालमत्तेचे नुकसान झाले असेल तर मोटार वाहन कायद्याचे कलम १३४ चालकाला बांधते. जागेवर पोलीस नसतील तर २४ तासांच्या आत जवळच्या ठाण्यात माहिती द्यायची आणि विमा कंपनीलाही कळवायचे. हा वेळ वाया गेला असे वाटते खरे, पण मानेचे दुखणे बऱ्याचदा दुसऱ्या दिवशी सकाळी डोके वर काढते आणि तेव्हा दोन हजार देणाऱ्याचा फोन लागत नाही.

आता पैशाकडे वळू. समजा, बिल ८ हजारांचे झाले: प्लास्टिकचे सुटे भाग ५ हजार, कलर २ हजार, मजुरी हजार. साध्या पॅकेज पॉलिसीत प्लास्टिकवर ५० टक्के घसारा कापतात, म्हणजे अडीच हजार गेले. कलरच्या खर्चाचा चौथा हिस्सा माल म्हणून धरून त्याचा निम्मा, म्हणजे २५० रुपये. दीड हजार सीसीपर्यंतच्या गाडीला सक्तीची वजावट १ हजार. हातात उरले ४,२५०. तेवढ्यासाठी आपला नो क्लेम बोनस शून्यावर येतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा हप्ता बोनसआधी ९ हजार आणि आज बोनस ३५ टक्के असेल, तर क्लेम न करणाऱ्याला पुढच्या तीन वर्षांत ४५, ५०, ५० टक्के सूट मिळाली असती. क्लेम केल्यावर शून्य, २०, २५ मिळते. हप्ता तेवढाच धरला तर फरक बरोबर ९ हजारांचा. झिरो डेप घेतले असेल तर घसारा वाचतो, बोनस मात्र त्यासाठी वेगळे संरक्षण घेतलेले नसेल तर जातोच.

म्हणून छोट्या बिलाला क्लेम न करणे शहाणपणाचे. पण बिल छोटे आहे हे रस्त्यावर कळत नाही. बंपरच्या आड लोखंडी पट्टी असते, पार्किंग सेन्सर असतात, डिक्कीची चौकट असते. गॅरेजमध्ये बंपर उतरवल्यावर आकडा बदलतो. कंपनीला कळवून अंदाजपत्रक आधी घ्यावे, पाहणी होईपर्यंत काम सुरू करू नये, आणि मगच ठरवावे. रस्त्यावर पैसे घेतले असतील तर ते लपवून त्याच नुकसानीचा क्लेम करणे ही फसवणूक ठरते. चूक मान्य केल्याचे लिहून देणेही टाळावे. कंपनीच्या लेखी संमतीविना असे काही कबूल करायचे नाही, ही पॉलिसीतलीच अट असते.

खरी गोम पुढे आहे. ज्याने ठोकले त्याच्याकडेही सक्तीचा थर्ड पार्टी विमा असतो. कारसाठी दुसऱ्याच्या मालमत्तेच्या नुकसानीला साडेसात लाखांपर्यंत, दुचाकीसाठी लाखापर्यंत संरक्षण असते. तो वापरला गेला तर त्याचाही बोनस जात नाही. पण त्या पैशासाठी पुढच्या गाडीच्या मालकाला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणात अर्ज करावा लागतो. आठ हजारांच्या बंपरसाठी वकील करून तारखांना कोण जाणार? मग तो स्वतःच्या पॉलिसीवर क्लेम करतो, बोनस गमावतो, आणि ज्याच्या चुकीने हे झाले त्याच्या विम्याचा कागद डॅशबोर्डमध्येच राहतो. गर्दीतल्या वडीलधाऱ्याचे दोन हजार या पोकळीतून जन्माला येतात.

विमा कंपन्यांना ही पोकळी बुजवणे अवघड नाही. जखम नाही, फोटो आहेत, दोन्ही पॉलिसी चालू आहेत आणि नुकसान, समजा, पन्नास हजारांच्या आत आहे, अशा प्रकरणांत न्यायाधिकरणाची पायरी न चढता ठोकणाऱ्याच्या कंपनीने थेट पैसे द्यावेत आणि निर्दोष मालकाच्या बोनसला हात लावू नये. एवढ्या रकमेपर्यंतच्या मोटार नुकसानीला परवानाधारक सर्वेक्षकही आज बंधनकारक नाही. मोबाइलवरच्या फोटोंवर कंपन्या स्वतःच्या ग्राहकाचे क्लेम निकाली काढतातच. तेच फोटो मूर्तिजापूरच्या रस्त्यावर दोघांनीही काढलेले असतात.